इलेक्ट्रिक गाडी रोज वापरायची तर: घरच्या प्लगपासून लांबच्या प्रवासापर्यंत सगळं

इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती किलोमीटर जाते? मी पण तोच विचारला होता. आता चार वर्षं रोज चालवल्यावर सांगते, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न म्हणजे तुमची गाडी रात्री उभी कुठे राहते. पेट्रोलच्या गाडीला आपण भरायला घेऊन जातो, ही गाडी उभी असताना भरते आणि दिवसातले वीस-बावीस तास ती नुसती उभीच असते, त्या वेळात तिला वायर लागली तर विषय संपला, नाही लागली तर मग रेंज ५०० असली तरी आठवड्यातून एकदा कुठेतरी चार्जिंगला जाऊन बसायचं काम मागे लागतं ते लागतंच.

म्हणून गाडी बुक करायच्या आधीपासून सुरुवात करूया.

पायरी १: दोन आठवडे वही घ्या

आत्ता जी गाडी वापरताय तिचं मीटर रोज रात्री लिहून ठेवा आणि शेजारी लिहा की गाडी कुठे किती तास उभी होती. एवढंच. बहुतेकांना धक्का बसतो, आपण रोज शंभर किलोमीटर फिरतो असं वाटत असतं आणि वहीत निघतात तीस-चाळीस.

मग साधा हिशोब. गाडीच्या बॅटरीची साइज किलोवॅट-अवरमध्ये देतात, ते काही वेगळं प्रकरण नाही, घरच्या मीटरवर जे युनिट येतं तेच ते. ५० किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे ५० युनिटची टाकी. मध्यम साइजची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ ते १८ युनिट खाते, छोटी असेल आणि शांतपणे चालवली तर १२, मोठी एसयूव्ही हायवेवर पळवली तर २० च्या वर. म्हणजे रोजचं ५० किलोमीटर धरलं तर ८ युनिट लागले. भिंतीतून मात्र ९ जातील, कारण चार्ज करताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत वाया जातं, हे कोणी आधी सांगत नाही आणि मग घरचं मीटर आणि गाडीचा स्क्रीन जुळत नाही म्हणून लोक डोकं खाजवतात.

९ युनिट भरायला साध्या ३ किलोवॅटच्या, म्हणजे तासाला ३ युनिट देणाऱ्या पॉइंटवर ३ तास. रात्री दहाला लावली, एकला झाली. एवढं साधं आहे ते.

ब्रोशरवरच्या आकड्याबद्दल एक गोष्ट. डब्ल्यूएलटीपी नावाची जी टेस्ट असते ती २३ अंश तापमानात, रोलरवर, अर्ध्या तासाची, सरासरी वेग ४६ च्या आसपास, आणि गाडीतला एसी बंद. आता तुम्हीच सांगा असं कोण चालवतं. मी सरळ ब्रोशरच्या आकड्यातून पाव हिस्सा काढून टाकते आणि उरलेला आकडा आपला समजते, हायवे जास्त असेल तर तिसरा हिस्सा काढा. अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी संस्थेचा आकडा दिला असेल तर तो बऱ्यापैकी खरा असतो.

पायरी २: घरचा पॉइंट (इथे कंजुषी करू नका)

या भागावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण रोजच्या वापरातल्या निम्म्या कटकटी गाडीतल्या नसतातच, भिंतीतल्या असतात.

गाडीसोबत एक पोर्टेबल चार्जर येतो, वायर आणि मधे डबी. तो साध्या प्लगमध्ये लागतो आणि २३० व्होल्टवर १० ते १५ अँपिअर घेतो, म्हणजे २.३ ते ३.३ किलोवॅट. ज्या देशांत घरात १२० व्होल्ट असतात तिथे हेच १.४ वर येतं, तासाला कसेबसे आठ-दहा किलोमीटर. तर हा प्लग पॉइंट गिझर किंवा मिक्सर चालवायला बनवलेला असतो, गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी आठ-दहा तास सलग पूर्ण करंट खेचत राहते. हा फरक लक्षात ठेवा.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे हेच झालं. जुना पॉइंट होता, दिसायला ठणठणीत, रात्री दोनला जळक्या वासाने जाग आली आणि खाली जाऊन बघते तर प्लगची एक पिन चॉकलेटी झालेली. वायरमनने उघडून दाखवलं, आतला स्क्रू ढिला. ढिल्या जोडापाशी रेझिस्टन्स वाढतो आणि तिथे सगळी उष्णता जमते, बाकी काही नाही. त्या दिवसापासून माझा नियम: नवीन पॉइंटवर पहिल्यांदा लावली की तासाभराने प्लगला हात लावून बघायचा. कोमट चालेल. चटका बसला तर काढायचा, उद्या बघू नाही करायचं. आणि बऱ्याच गाड्यांत करंट कमी करायची सेटिंग असते, १५ चं ८ केलं तर वेळ दुप्पट लागेल पण जोडापाशी उष्णता जवळपास पाव होते, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. परक्या ठिकाणी, पाहुण्यांकडे, जुन्या वायरिंगवर लावताना मी नेहमी ८ वरच ठेवते.

एक्स्टेन्शन बोर्ड नको. गुंडाळलेली वायर तर अजिबातच नको, ती आतल्या आत तापते.

वायरमनला बोलावलं की हे सांगायचं. गाडीसाठी डीबीपासून (घरातला मुख्य स्विचचा डबा) स्वतंत्र लाइन, मधे दुसरं काही जोडायचं नाही. स्वतंत्र एमसीबी. शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी, आणि तो साधा एसी टाइपचा नको, कारण गाडीकडून थोडा डीसी, म्हणजे बॅटरीतला एकाच दिशेने वाहणारा करंट गळाला तर तो आंधळा होतो, ए टाइप घ्या आणि चार्जरच्या डबीत ६ मिलीअँपिअरचं डीसी डिटेक्शन आहे का बघा, नसेल तर मग बी टाइप. वायर किती जाड हे अंतरावर ठरतं पण ३२ अँपिअरच्या लाइनला ६ स्क्वेअर एमएम कॉपर ही कमीत कमी गोष्ट समजा. आणि अर्थिंग. अर्थिंग खराब असेल तर गाडी चार्जच होत नाही, डबीवर लाल दिवा लागतो आणि माणसाला वाटतं गाडी बिघडली, सर्व्हिस सेंटरला फोन, दोन दिवस वाया, आणि निघतं काय तर अर्थिंगची वायर कुठे जोडलेलीच नाही. जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही याचंही कारण बहुतेक वेळा हेच.

भिंतीवरचा मोठा चार्जर, ज्याला वॉलबॉक्स म्हणतात, तो लागतोच असं नाही. रोजचं ६०-७० किलोमीटरपर्यंत असेल तर साधा पॉइंट पुरतो. त्याच्या पुढे असेल किंवा रात्री उशिरा येऊन पहाटे निघायचं असेल तर ७.४ किलोवॅटचा घ्या (सिंगल फेज, ३२ अँपिअर). पण त्याआधी गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे ते बघा, कारण भिंतीवरचा डबा खरं तर चार्जर नसतोच, तो नुसता हुशार स्विच असतो, एसीचं डीसी करायचं काम गाडीतला चार्जर करतो. तो ३.३ चा असेल तर बाहेर कितीही मोठा डबा लावा, ३.३ च मिळणार. तीन फेज असेल आणि गाडी घेत असेल तर ११.

(एसी म्हणजे इथे वायरीतला उलटसुलट वाहणारा एसी करंट बरं का, थंड हवेचा नाही. या विषयात हा घोळ कायम होतो.)

घरात एकाच वेळी गिझर, ओव्हन, गाडी असं सगळं लागलं तर मेन ट्रिप होतो. टायमर लावा, गाडीत किंवा ॲपमध्ये असतोच, मध्यरात्रीनंतर सुरू होईल असा. काही ठिकाणी रात्री वीज स्वस्तही असते, तो फायदा वेगळा.

आणि घरी पॉइंट शक्यच नसेल तर? ऑफिसमध्ये उभी राहते तिथे मिळतोय का बघा, आठ तास गाडी तिथेच असते. तेही नसेल तर घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर स्लो चार्जर आहे का, तिथे आठवड्यातून दोन रात्री गाडी सोडता येईल का. यातलं काहीच नाही आणि फक्त फास्ट चार्जरच्या भरवशावर घ्यायची असेल तर माझं मत विचाराल तर थांबा. चालवता येते, लोक चालवतातही, पण दर आठवड्याला तास-दीड तास त्यात जातो, घरच्यापेक्षा पैसेही जास्त लागतात आणि जो आराम म्हणून ही गाडी घेतो तोच हातातून जातो.

पायरी ३: गाडी आल्यावर पहिल्या दिवशीच्या सेटिंग

एक, स्क्रीनवर किलोमीटरची रेंज दिसते ती काढून टक्के लावा. तो किलोमीटरचा आकडा हा अंदाज असतो, गाडी तुमचं मागचं चालवणं बघून पुढचं सांगते, काल घाटात चढलात तर आज सकाळी १०० टक्के असूनही रेंज कमी दाखवणार. नवरा पहिले दोन महिने तो आकडा बघून बघून हैराण, ऑफिसला जाऊन आलं तर ३० किलोमीटर झाले आणि रेंज ४२ ने कशी कमी झाली म्हणून. टक्के लावले तेव्हा घरात शांतता झाली.

दोन, चार्ज लिमिट. याचं पुढच्या पायरीत.

तीन, रिजेन, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटरसारखी चालून गाडी थांबवते आणि बॅटरीत वीज परत टाकते ते. सुरुवातीला मधल्या लेव्हलवर ठेवा. एकदम जास्त ठेवलं तर मागे बसलेल्यांना उलटी होते, खरंच होते. पाय झटकन सोडायचा नाही, हळू उचलायचा, हे आठवड्यात अंगवळणी पडतं.

पायरी ४: किती टक्के भरायची

यावर ऐकीव सल्ले फार फिरतात त्यामुळे आधी तुमच्या गाडीत बॅटरी कुठली ते मॅन्युअलमध्ये बघा. मुख्य दोन जाती. एनएमसी, ज्यात निकेल, मँगनीज, कोबाल्ट असतं, कमी वजनात जास्त वीज. आणि एलएफपी, म्हणजे लोखंड-फॉस्फेटवाली, जरा जड पण दणकट आणि स्वस्त. (ही एलएफपी शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात सापडली, त्यांना लिथियम बॅटरीसाठी २०१९ चं नोबेल मिळालं ते ९७ व्या वर्षी. आपण तीन वर्षांत बॅटरी जाईल का म्हणून घाबरतो.)

एनएमसी असेल तर रोज ८० टक्क्यांपर्यंत भरा, लांब जायचं असेल त्या दिवशीच १००. बॅटरीला काचतं काय तर वरच्या टोकाला बराच वेळ पडून राहणं, आणि त्यात ऊन असेल तर अजून. १०० भरून दोन तासांत निघालात तर काही बिघडत नाही, १०० भरून दोन आठवडे उन्हात उभी ठेवली तर बिघडतं. म्हणून निघायच्या वेळेचा टायमर लावा, पहाटे पाचला निघायचं तर साडेचारला १०० होईल असं.

एलएफपीचं उलटं. तिला अधूनमधून, बहुतेक कंपन्या आठवड्यातून एकदा म्हणतात, पूर्ण १०० करायला लागते. कारण तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, ७० टक्के आणि ४० टक्के यांत व्होल्टेजचा फरक इतका बारीक की गाडीचा कॉम्प्युटर नुसतं मोजत बसतो आणि हळूहळू त्याची मोजणी चुकत जाते, १०० ला पोचली की त्याला पक्कं कळतं की हां, इथे भरली. माझी एलएफपीच आहे, मी सुरुवातीला तीन महिने शहाणपणाने ८० वरच ठेवली आणि एका संध्याकाळी १४ टक्के दाखवत असताना दोन किलोमीटरमध्ये ६ झाले. घरी पोचले पण हात घामेजलेले.

खालचं टोक दोघींना सारखंच, १० च्या खाली रोज न्यायची गरज नाही, एखाद्या दिवशी गेली तर जीव जात नाही. आणि रोज थोडं थोडं चार्ज केल्याने बॅटरीची सायकल वाया जाते असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या, सायकल पूर्ण क्षमतेच्या हिशोबाने मोजतात, पाच वेळा २० टक्के म्हणजे एकच सायकल झाली.

वॉरंटी बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, बॅटरीची क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. अटी नीट वाचा, सर्व्हिस वेळेवर हवी वगैरे असतं.

पायरी ५: चालवताना वीज जाते कुठे

सगळ्यात मोठा खादाड म्हणजे वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून ११० ला गेलात तर वाऱ्याशी झगडायचा खर्च दर किलोमीटरला जवळपास दुप्पट. टायरचं घर्षण तेवढं वाढत नाही म्हणून एकूण खर्च दुप्पट होत नाही, पण रेंजचा पाव हिस्सा तरी गेलाच. लांबच्या प्रवासात चार्जर लांब वाटायला लागला तर पहिलं काम वेग १० ने कमी करा, गाडीतला एसी बंद करून घामाघूम होऊ नका.

एसीचं गणित वेगळं आहे आणि मला ते कळायला वर्ष लागलं. एसी तासावर खातो, किलोमीटरवर नाही. गाडी एकदा थंड झाली की तो साधारण १ किलोवॅट घेतो. हायवेला १०० च्या वेगाने १०० किलोमीटर गेलात, एक तास, १ युनिट, कुणाला पत्ताही नाही. तेच शहरात ट्रॅफिकमध्ये २० च्या वेगाने १०० किलोमीटर, पाच तास, ५ युनिट. म्हणून उन्हात शहरातला ॲव्हरेज बिघडतो. यावर उपाय असा की गाडी वायरला लागलेली असतानाच, निघायच्या दहा मिनिटं आधी ॲपवरून एसी सुरू करायचा, गाडी थंड करायची वीज भिंतीतून जाते, बॅटरीतून नाही.

थंड प्रदेशात हे आणखी महत्त्वाचं. हीटर साधा असेल तर सुरुवातीला ३ ते ५ किलोवॅट घेतो, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा) असेल तर निम्म्याच्या आसपास, आणि सीट गरम करायला मात्र फक्त ५०-१०० वॅट, म्हणून सीट आणि स्टिअरिंग गरम, हवा जरा कमी, असं लोक चालवतात. शून्याच्या खाली बॅटरी चार्जही हळू घेते, जबरदस्तीने भरली तर आत लिथियमचा थर बसतो आणि तो परत निघत नाही, म्हणून गाडी स्वतःच करंट अडवते. गाडीचा दोष नाही तो.

घाट. १८०० किलोची गाडी, म्हणजे माणसं-सामान धरून, १००० मीटर वर चढवायला ५ युनिट निव्वळ जास्तीचे लागतात, मग गाडी कुठलीही असो. चढताना टक्के भराभर पडतात, घाबरू नका, उतरताना त्यातले निम्मे तरी परत येतात. फक्त एक काळजी, घाटाच्या माथ्यावर १०० टक्के भरून उतरायला लागू नका. भरलेल्या बॅटरीत रिजेनची वीज टाकायला जागाच नसते, मग पाय उचलला तरी गाडी नेहमीसारखी थांबत नाही, आणि तुम्हाला तर त्याची सवय झालेली. तिथे साधा ब्रेक वापरायचा हे डोक्यात ठेवून उतरा.

रिव्हर्स घेताना, पार्किंगमध्ये वगैरे, लोकांना गाडी ऐकूच येत नाही. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला वेग २० च्या खाली असताना आवाज करणं सक्तीचं आहे ते उगाच नाही. स्पीकर असला तरी मी काच खाली करून जाते.

पायरी ६: फास्ट चार्जर आणि लांबचा प्रवास

पहिला फास्ट चार्जर घराजवळ वापरा, गरज नसताना. हा सगळ्यात कामाचा सल्ला आहे. अनोळखी जागी, ९ टक्के उरलेले, मागे पोरं भांडतायत, आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा ॲप डाउनलोड करताय, बेसमेंटमध्ये नेटवर्क नाही, हे चित्र नको. मार्गावरच्या कंपन्यांची ॲप घरीच टाका, खातं उघडा, कार्ड जोडा.

तुमच्या गाडीला कुठली गन, म्हणजे चार्जरच्या वायरीच्या टोकाचा प्लग, लागते ते माहीत हवं. युरोप आणि बऱ्याच देशांत डीसीसाठी सीसीएस२, उत्तर अमेरिकेत सीसीएस१ होता आणि आता टेस्लापासून आलेला एनएसीएस, चीनमध्ये जीबी/टी, जपानी जुन्या गाड्यांत चाडेमो. नकाशावर चार्जर दिसला म्हणजे तुमची गन आहे असं नाही.

आता वेग. फास्ट चार्जर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर बाजूला ठेवून थेट बॅटरीत डीसी भरतो. पण किती घ्यायचं ते गाडी ठरवते, गाडी जास्तीत जास्त ५० घेणारी असेल तर १५० किलोवॅटच्या मशीनवर पण ५० च. आणि एकाच मशीनला दोन गन असतील आणि शेजारी दुसरा येऊन लागला तर तुमचं निम्मं होऊ शकतं, शक्य असेल तर रिकामं मशीन धरा.

८० टक्क्यांनंतर वेग एकदम पडतो. बॅग भरताना कसं होतं, पहिले कपडे पटापट जातात आणि शेवटचा टॉवेल कोंबायला गुडघा लावायला लागतो, तसंच काहीसं. सेल वरच्या व्होल्टेजला पोचली की करंट कमी करत न्यायला लागतो. बऱ्याच गाड्यांत ८० ते १०० ला जवळपास तेवढाच वेळ जातो जेवढा १० ते ८० ला गेला, त्यामुळे ८० ला गन काढा आणि निघा, मागे रांग असेल तर नक्कीच. एक मोठा थांबा घेण्यापेक्षा दोन छोटे घेतले की लवकर पोचता, ऐकायला विचित्र वाटतं पण करून बघा.

प्रवासाचा हिशोब असा करायचा. ५० युनिटची बॅटरी, हायवेला १०० किलोमीटरला १८ युनिट. घरून १०० वर निघून १० वर थांबायचं तर ४५ युनिट वापरायला मिळाले, म्हणजे २५० किलोमीटर. त्यानंतरचा प्रत्येक टप्पा ८० ते १०, ३५ युनिट, साधारण १९०. ब्रोशरवर काहीही असो, तुमची गाडी हायवेला ही अशी आहे, पहिला टप्पा अडीचशे आणि पुढचे एकशे नव्वदचे. हे एकदा स्वतःच्या गाडीचं काढून कागदावर लिहून ठेवा.

प्रत्येक थांब्याला त्याच्या पुढचा किंवा मागचा दुसरा चार्जर हाताशी ठेवायचा, आणि तिथपर्यंत जायला टक्के शिल्लक ठेवूनच पहिल्याला पोचायचं. प्लगशेअर, अ बेटर रूट प्लॅनर ही ॲप त्यासाठी बरी आहेत, प्लगशेअरवर चार्जर आहे का एवढंच बघू नका, शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा. काल परवा झालं असेल तर जा, तीन महिन्यांपूर्वी असेल तर तो नाहीच असं समजा. आणि मुक्कामाची जागा निवडताना रात्रभर वायर मिळेल का एवढं विचारा, साधा प्लग का असेना, मिळाला तर दुसऱ्या दिवसाचा एक थांबा वाचतो. शेवटी परत तेच, गाडी उभी कुठे राहणार.

मशीनवर गेल्यावर: गाडी पार्कमध्ये, गन पूर्ण आत ढकला, लॉक झाल्याचा खट्ट आवाज ऐका, पैसे भरून स्टार्ट, आणि किलोवॅटचा आकडा वर चढताना दिसेपर्यंत तिथून हलू नका. सुरू होऊन वीस सेकंदात बंद पडणारी मशीन भरपूर असतात. नाही झालं तर गन काढून परत लावा, या वेळी वायरीचं वजन हाताने उचलून धरा, जड वायरीमुळे गन तिरकी होते आणि कॉन्टॅक्ट नीट बसत नाही, माझ्या अनुभवात हा उपाय दहातल्या पाच वेळा चालतो. तरी नाही तर दुसरी गन, मग हेल्पलाइन.

गन अडकली तर ओढाओढ करू नका. आधी चार्जिंग थांबवा, मग किल्लीने गाडी लॉक करून अनलॉक करा, गन किंचित आत दाबून बटण दाबा आणि काढा. एकदा माझी निघेचना, पाऊण तास, शेवटी डिकीच्या आतल्या अस्तरामागे एक दोरी असते ती ओढून सुटली. तुमच्या गाडीत ही दोरी कुठे आहे (काहींत बॉनेटखाली असते) ते आजच मॅन्युअलमध्ये शोधा.

पायरी ७: पाणी, खड्डे, देखभाल

पावसात चार्ज करता येते. गन आणि गाडी यांचं आपसात बोलणं होऊन सगळं ठीक आहे कळेपर्यंत पिनांमध्ये मुख्य करंट येतच नाही. पण घरचा प्लग आणि ती डबी उघड्यावर पाण्यात पडलेली नको.

बॅटरी पॅकला बऱ्याच गाड्यांत आयपी६७ असतं, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टेस्ट केलेली. याचा अर्थ पुरात घाला असा नाही. बुडाली असेल तर सुरूही करू नका, चार्जिंगला तर लावूच नका, उचलून न्यायला सांगा. तसंच खालून जोरात दगड किंवा स्पीडब्रेकर लागला तर पॅक खालीच असतो, एकदा लिफ्टवर घेऊन बघून घ्या. आणि खालून धूर, फुसफुस आवाज किंवा विचित्र गोडसर वास आला तर सामान सोडून लांब व्हा, फायर ब्रिगेडला सांगताना इलेक्ट्रिक गाडी आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. केशरी रंगाच्या वायरींना हात नाही लावायचा, त्यात ४०० ते ८०० व्होल्ट असतात.

टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेड ट्रकच मागवा. चालणारी चाकं रस्त्यावर फिरली की मोटर वीज बनवायला लागते.

देखभाल कमी आहे, इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही. टायर मात्र लवकर झिजतात, वजन जास्त आणि जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण. महिन्यातून एकदा हवा, १० हजार किलोमीटरला रोटेशन, आणि बदलताना त्याच लोड इंडेक्सचे (टायर किती वजन पेलतो तो आकडा) घ्या. स्टेपनी बऱ्याच गाड्यांत नसतेच, नुसता पंक्चर किट, घेतानाच बघा. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून डिस्कवर गंज चढतो, आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही बघून दोन-तीनदा जरा जोरात ब्रेक मारा. कूलंट घरचं किंवा दुकानातलं कुठलंही ओतू नका.

आणि शेवटचं, ज्याने लोक खरोखर रस्त्यात अडकतात ते. मोठी बॅटरी नाही, छोटी १२ व्होल्टची. जवळपास प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत असते, दरवाजे, स्क्रीन, कॉम्प्युटर आणि मोठी बॅटरी जोडणारा रिले सगळं तिच्यावर, ती मेली की मोठ्या बॅटरीत ९० टक्के असले तरी गाडी म्हणजे दगड. आणि पेट्रोलच्या गाडीसारखी सेल्फ मारताना कुरकुर करून आधी सांगत नाही, काल चालली आज नाही. तीन-चार वर्षांनी टेस्ट करून घ्या, वॉर्निंग आली तर त्याच आठवड्यात बदला. बरेच दिवस बाहेर जाणार असाल तर मोठी बॅटरी ५० च्या आसपास ठेवा, पार्किंगमध्ये चालू राहणारे कॅमेरे बंद करा, आणि रोज पाच वेळा ॲप उघडून गाडी बघत बसू नका, प्रत्येक वेळी ती जागी होते आणि थोडी थोडी वीज जाते. दार उघडायची मेकॅनिकल किल्ली कुठे लपलेली असते आणि बॉनेट १२ व्होल्टशिवाय कसं उघडायचं हे गाडी घेतलेल्या दिवशी सेल्समनकडून करून दाखवून घ्या, त्याला येत नसेल तर येणाऱ्याला बोलवायला सांगा. आमच्या वेळी तिसरा माणूस आला तेव्हा जमलं.